दाढीच्या ब्रशचा झुबका बदलणे

दाढीच्या ब्रशमधला झिजलेला किंवा गळू लागलेला केसांचा झुबका काढून त्याच मुठीत नवा बसवण्याचे काम. झुबक्याला हौशी मंडळी ‘नॉट’ म्हणतात. लाकूड, शिंग, बेकेलाइट (जुन्या काळचे कडक प्लास्टिक) किंवा रेझिनची मूठ नीट सांभाळली तर दोन-तीन पिढ्या टिकते. केसांचे तसे नाही. रोज भिजून, दाबले जाऊन ते मुळाशी तुटतात. म्हणून चांगली मूठ केवळ केस गेले म्हणून टाकून देणे हा निव्वळ अपव्यय आहे. हे काम घरच्या हत्यारांनी एका सुट्टीच्या दिवशी उरकते. डिंक वाळायला मात्र आणखी एक दिवस द्यावा लागतो.

झुबके डुकराच्या राठ केसांचे, बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या मऊ केसांचे, घोड्याच्या केसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे असतात. मुळाशी केस राळ, रबर किंवा एपॉक्सी या कडक होणाऱ्या डिंकाने घट्ट धरलेले असतात. अमेरिकेतील न्यूअर्कच्या रबरसेट कंपनीचे नावच केस रबरात पक्के करण्याच्या पद्धतीवरून पडले.

जुना ब्रश हाती आला तर आधी त्याच्या केसांचा विचार करावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्स या जनावरांपासून येणाऱ्या जीवघेण्या रोगाची लागण झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. त्या काळातल्या अनेक अमेरिकी मुठींवर ‘स्टरिलाइज्ड’ असा ठसा दिसतो तो याच भीतीपोटी. आज धोका फार थोडा असला, तरी इतके जुने केस ‘जरा वापरून बघू’ म्हणून गालाला लावू नयेत. हातमोजे घालून, केस ओले ठेवून कापावेत आणि टाकून द्यावेत.

केस मुठीच्या काठाशी कापले की खाली, मुठीच्या खळग्यात, डिंकाचे टणक बूड उरते. मूठ जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरावी, बुडाच्या मधोमध बारीक छिद्र पाडावे आणि मग क्रमाने मोठी बिटे लावत जावे. खळग्याच्या भिंतीला चिकटलेला शेवटचा थर पात्याने किंवा पॉलिश पेपरने काढावा. तिथे ड्रिलची घाई केली की मूठ चिरते. बेकेलाइटची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये, कारण जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावावा आणि खळगा ओला ठेवून घासावा. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची मूठ चटकन पेट घेते, तिला उष्णता दाखवूच नये.

यातला खरा निर्णय मात्र खळगा किती खोल ठेवायचा याचा. काठापासून केसांच्या टोकापर्यंत दिसणाऱ्या उंचीला ‘लॉफ्ट’ म्हणतात. २४ मिमी जाडीच्या बॅजर झुबक्याला साधारण ५० मिमी लॉफ्ट शोभतो. झुबका एकूण ६५ मिमी लांब असेल आणि खळगा १४ मिमी खोल असेल, तर ५१ मिमी बाहेर राहतो. दोन मिलिमीटर खाली घेतला की तोच झुबका ताठ होऊन साबणाच्या वडीवर जोर धरतो, आणि दोन मिलिमीटर वर राहिला की गालावर लोळतो. लोक केसांच्या प्रतीवर भरपूर पैसे घालतात आणि खोली डोळ्यांच्या अंदाजाने ठरवतात, हे उलटे आहे. ब्रशचा स्वभाव बराचसा इथेच ठरतो.

खोलीला एक मर्यादाही आहे. बुडाचा डिंक केसांत थोडा वर चढून कडक गोळा झालेला असतो. झुबका मुळाशी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बोटे हळूहळू वर सरकवली, की कडकपणा संपून केस जिथे लवू लागतात ती जागा हाताला कळते. ही जागा काठाच्या किंचित खालीच राहिली पाहिजे. गोळा वर डोकावला तर केस त्याच्या कडेवर वाकून तुटतात. फार खोल गेला तर ते काठाला घासतात आणि झुबका फुलत नाही. खळगा जास्त खोल झाला असेल तर तळाशी लाकडाची किंवा प्लास्टिकची चकती घालावी. लोखंडी वायसर गंजतो.

खळगा झुबक्याच्या बुडापेक्षा अर्धा ते एक मिमी रुंद असावा. आधी डिंकाशिवाय बसवून पाहावे, मोजावे, पुन्हा काढावे. चिकटवायला दोन नळ्यांत मिळणारा, सावकाश घट्ट होणारा एपॉक्सी घ्यावा, म्हणजे झुबका फिरवून मधोमध आणायला वेळ मिळतो. सुतारकामाचा साधा पांढरा डिंक रोजच्या पाण्यापुढे टिकत नाही. पुढे पुन्हा काढता यावा म्हणून काहीजण सिलिकॉन वापरतात. डिंक खळग्याच्या तळाला आणि भिंतीला, तोही बेताने लावावा. जास्तीचा थेट केसांत चढतो. मग मूठ डोळ्यांच्या पातळीवर धरून सावकाश गोल फिरवावी आणि झुबका कलला नाही ना ते पाहावे. त्यानंतर ब्रश २४ तास उभा ठेवून हात लावू नये.

नव्या बॅजर किंवा डुकराच्या केसांना जनावराचा वास असतो. साबणाचा फेस करून तो तसाच काही तास ठेवला आणि धुतला, असे दोन-तीनदा केले की तो ओसरतो. डुकराचे केस वापरता वापरता टोकाशी फाटून मऊ होतात. कृत्रिम तंतूंना यातले काही लागत नाही. पहिल्या काही दाढ्यांत चार-दोन केस गळणे नेहमीचेच. महिन्यानंतरही गळत राहिले तर दोष बहुधा झुबक्याच्या बांधणीत असतो, आणि अख्खा झुबका हलू लागला तर चिकटवण्यात.