पाढ्यांची सापशिडी आणि चिंचोक्यांची विहीर

वर्गात खेळ घेतला असं म्हटलं की आपण दोन वेगळ्याच गोष्टी एका नावाखाली टाकतो. एक म्हणजे पाढ्यांची सापशिडी, फासा टाका, घरात आलेला प्रश्न सोडवा, बरोबर आला तर पुढे. मुलं खूष असतात, आरडाओरडा होतो. पण इथे खेळ वेगळा आणि गणित वेगळं. पाढे काढून राजधान्या टाका, खेळ जसाच्या तसा चालतो. म्हणजे ती चाचणीच आहे, फक्त फाशावर घेतलेली. स्टार, पॉइंट, बॅज देणंही याच जातीचं.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाचा नियमच धडा असणं. आपल्या जुन्या मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या मूळ खेळात, शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, तिथे विषय काढला तर पटच उरत नाही. लिझी मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये पेटंट घेतलेला जमीनदाराचा खेळ तसाच, भाडं भरून भरून बाकीचे कंगाल कसे होतात ते खेळताना कळावं म्हणून केलेला. मोनोपोली आणि आपला ‘व्यापार’ हे पटावरचे खेळ त्याच घराण्यातले.

आता माझा लाडका खेळ सांगते, खर्च जवळपास शून्य. एका ताटलीत ४० चिंचोके, ही गावाची विहीर. वर्गाचे चार गट, म्हणजे चार शेतकरी. दर फेरीला प्रत्येक गटाने चिठ्ठीवर गुपचूप पीक लिहायचं, ज्वारीला १ चिंचोका पाणी आणि २ रुपये नफा, उसाला ४ चिंचोके आणि ५ रुपये. फेरी संपली की पाऊस म्हणून ६ चिंचोके परत टाकायचे. (पैसे म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे चालतात, पुठ्ठा मस्त जाड असतो.)

सगळ्यांनी ऊस लावला तर चौथ्या फेरीला ताटलीत १० चिंचोके आणि मागणी १६ ची. इथे वर्ग एकदम शांत होतो आणि मग भांडण सुरू, तू का घेतलास, तू पण घेतलास की! खरं शिकणं इथे चालू होतं, म्हणून इथे मध्ये पडू नका, पुन्हा ४० पासून सुरू करा आणि फक्त एवढंच सांगा की आता आधी आपसात बोलायची परवानगी आहे. माझ्या वर्गात मुलांनी स्वतःहून पाळी लावली, दर फेरीला एकाचाच ऊस, बाकीच्यांची ज्वारी. मग ७ जातात, ६ येतात, विहीर फेरीला एकाच चिंचोक्याने उतरते. त्यानंतर मी नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाचं सांगितलं, तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, तेव्हा कुणाला ती धड्यातली माहिती वाटलीच नाही, आपण केलं तेच तर आहे असं वाटलं.

सापशिडी वाईट नाही हं. पाढे पाठच करायचे असतील, परीक्षेआधी उजळणी हवी असेल तर बिनधास्त घ्या, वीस मिनिटांत काम होतं. विहिरीला मात्र दोन तास जोडून लागतात आणि त्यातली शेवटची वीस मिनिटं नुसती बोलायला ठेवा, कारण चिंचोके गोळा करता करता मुलं जे बोलतात ते ऐकायचं असतं. मागच्या वेळी एक मुलगी ताटलीकडे बघत म्हणाली, बाई, पण यंदा पाऊस सहाऐवजी तीनच पडला तर? पुढच्या तासाला आम्ही तेच खेळलो.