चिनी पंचमसाला

चिनी स्वयंपाकातील कोरड्या मसाल्यांची सुगंधी पूड. चिनी नाव वूश्यांगफेन. चक्रीफूल, बडीशेप, चिनी दालचिनी, लवंग आणि ह्वाच्याव ऊर्फ सिचुआन मिरी हे तिचे रूढ घटक. बदक व डुकराचे भाजलेले मांस, मांस मुरवण्याचे मसाले, तळणीचे पीठ, घट्ट दाबलेला टोफू यांत ती वापरतात. विकतची पूड सर्वत्र मिळते. तरीही घरी दळण्यात अर्थ आहे, तो मुख्यतः ह्वाच्यावसाठी. दळल्यावर त्याचा दम फार लवकर जातो.

पाच या आकड्याची सांगड पंचतत्त्वांच्या चिनी सिद्धांताशी आणि आंबट, कडू, गोड, तिखट, खारट या पाच चवींशी घातली जाते. कल्पना सुबक आहे, पण या पुडीत आंबट वा खारट असे काहीच नसते. घटकही पाचावर अडून राहत नाहीत. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात मँडरिन संत्र्याची वाळवून जुनी केलेली साल (छन्‌पी) पडते. कोठे सुंठ, पांढरी मिरी किंवा ज्येष्ठमध असतो. तेरा मसाल्यांची श‍ीसान्‌श्यांग ही पूडही चीनमध्ये घरोघरी माहीत आहे.

ह्वाच्यावला मिरी म्हणत असले तरी ते मिरवेलीचे फळ नव्हे. लिंबू-संत्र्याच्या कुलातील काटेरी झुडपाचे ते फळ असून तिरफळ याच प्रजातीतले आहे. उपयोग होतो तो फक्त लालसर टरफलाचा. आतले चकचकीत काळे बी कितीही दळले तरी दाताखाली वाळूसारखे कचकचते, म्हणून ते, देठ आणि काटे निवडून टाकतात. टरफलातील सान्शूल या द्रव्यामुळे जीभ व ओठ बधिरतात, मुंग्या येतात. या संवेदनेला चिनीत ‘मा’ म्हणतात. अमेरिका खंडातली मिरची चीनला पोहोचण्याआधी जिभेला झणका देणाऱ्या मसाल्यांत ह्वाच्यावचे स्थान मोठे होते. चांगशाजवळच्या मावांगद्वी येथे १९७२ मध्ये उत्खनन झालेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजघराण्याच्या काळातील कबरीत ते सापडले आहे, आणि त्याच काळी सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींच्या गिलाव्यात ते मिसळत. लिंबूवर्गीय झाडांना कँकर रोग लागेल या भीतीने अमेरिकेत १९६८ पासून त्याच्या आयातीवर बंदी होती. ती २००५ मध्ये उष्णता-प्रक्रियेच्या अटीवर उठली. त्याच्या जागी काळी मिरी सुचवणाऱ्या कृती आढळतात. तशी पूड तिखट होते, बधिर करत नाही.

चक्रीफूल हा या मसाल्याचा कणा. त्याचे मोठे उत्पादन दक्षिण चीनमधील ग्वांगशी स्वायत्त प्रदेशात होते. त्यातला व बडीशेपेतला गोडसर वास अनेथोल या एकाच द्रव्याचा, म्हणून दोन्ही चढी पडली की मसाला औषधी लागतो. जपानी चक्रीफूल ही याची जवळची जात विषारी असून दिसायलाही बरीच सारखी आहे; तेव्हा खात्रीच्या ठिकाणचाच माल घ्यावा. दालचिनी चिनी, म्हणजे कॅशिया जातीची, जाड व उग्र हवी. लवंग मूळची मोलुक्का बेटांवरची. हान दरबारात सम्राटाशी बोलताना श्वास सुगंधी राहावा म्हणून अधिकारी ती तोंडात धरीत.

प्रमाण ठरीव नाही. सुरुवातीला चक्रीफूल २० ग्रॅम, बडीशेप १५, दालचिनी १०, निवडलेले ह्वाच्याव १० आणि लवंग ३ ते ४ ग्रॅम घ्यावी. लवंगेला हात आखडूनच असावा. ती थोडी वाढली तरी बाकी चौघांना गिळते. दालचिनीचे लहान तुकडे करावेत, चक्रीफुलाच्या पाकळ्या सुट्या कराव्यात. पाचही जिन्नस वेगवेगळे, कोरड्या कढईत मंद आचेवर गरम करावेत. रंग बदलेपर्यंत भाजायचे नसते. ओल जाऊन वास सुटला की लगेच ताटात काढावे. ह्वाच्याव सर्वांत शेवटी घ्यावे आणि समोरून हलू नये, कारण ते करपले की कडू होते. काहीजण भाजणे टाळून कच्चेच दळतात. ती पूड मंद आचेवर भाजायच्या मांसाला चांगली, कारण ते काम पुढे भट्टी करतेच. वरून भुरभुरायची असेल तर मात्र भाजलेलीच बरी.

मसाले पूर्ण निवल्यावर दळावेत. गरम दळले तर वाफ धरून पूड गुठळते. मग बारीक चाळणीतून काढून वरचा चाळ पुन्हा दळावा. तरीही उरलेला दालचिनीचा कोंडा फेकू नये, पातळ कापडात बांधून रश्शात टाकावा. पूड घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांत संपेल इतकीच करावी.

अर्धा किलो मांसाला साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा पुरतो. सोया सॉसच्या रश्शात तासन्‌तास शिजवायच्या पदार्थांना आणि चहा-अंड्यांना (चहा व मसाल्यांच्या पाण्यात शिजवलेल्या अंड्यांना) पूड न घालता अख्खे मसाले घालतात. पुडीने रस्सा गढूळ होतो, तळाशी चिकट गाळ बसतो. आग्नेय चीनमधील फूच्यान प्रांतात व तैवानमध्ये टोफूच्या सायीत मांसाचे सारण गुंडाळून तळलेल्या सुरळ्यांना ‘पंचसुगंधी’ याच अर्थाचे नाव आहे, आणि त्या सारणात ही पूड असतेच. भाजलेल्या मिठात ती मिसळून तळलेल्या मांसासोबत बुडवून खायला ठेवण्याचीही पद्धत आहे. नुसत्या ह्वाच्याव-मिठाला च्यावयेन म्हणतात.