वावरात जागा असेल तर: अनेक बँडांसाठी तारेची अँटेना कशी निवडावी

हौशी रेडिओसाठी अँटेना घ्यायला आलेला ग्राहक बहुधा आधी विचारतो, "एसडब्ल्यूआर किती येते?" एसडब्ल्यूआर म्हणजे सेटमधून निघालेली पॉवर अँटेनाकडून किती परत फिरते याचं माप, १:१ म्हणजे काहीच परत येत नाही. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. डमी लोड म्हणजे चाचणीसाठी अँटेनाच्या जागी जोडायचा रेझिस्टर. त्याची एसडब्ल्यूआर सगळ्या बँडांवर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर) १:१ असते आणि त्यातून शेजारच्या गावीही धड आवाज जात नाही. "सगळे बँड, ट्यूनर (सेट आणि अँटेना जुळवणारी पेटी) नको" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अँटेनांत रेझिस्टर बसवलेला असतो. मीटर खूश राहतो आणि बरीच पॉवर त्या रेझिस्टरमध्ये जळते. असा माल आम्ही ठेवत नाही.

फक्त ७ मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तार घ्या, जास्त खर्चात पडू नका. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ साठी ती साधारण २०.१ मीटर. तार थोडी लांबच कापा आणि दोन्ही टोकांकडून सारखी छाटत या. हाच डायपोल २१ वरही बऱ्यापैकी चालतो, १४ वर मात्र नाही. तिथे मध्यभागी इम्पिडन्स (तारेचा एसी विरोध) काही हजार ओहमवर जातो. शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) ट्यूनर सेटला समाधान देतो, पण केबलमधला तोटा तसाच राहतो. आरजी-५८ या पातळ कोॲक्सची ३० मीटर केबल असेल तर १०० वॅटपैकी तारेपर्यंत जेमतेम १० पोचतात.

म्हणून ज्यांच्याकडे धुऱ्यावर दोन उंच झाडं आहेत त्यांना आम्ही डब्लेटच सुचवतो: एकूण २७ मीटर तार, मधोमध लॅडर लाइन (शिडीसारखी दोन तारांची फीडर, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतची लाइन), खाली ट्यूनर आणि बॅलन (दोन तारांची लाइन सेटच्या केबलशी जोडणारा ट्रान्सफॉर्मर). इथेही एसडब्ल्यूआर वाढते, पण उघड्या दोन तारांच्या फीडरमध्ये मुळात तोटाच इतका कमी की १४ वर फीडरमधून ९० टक्क्यांहून जास्त पॉवर वर जाते. शिवाय १४ वर ही लांबी तारेच्या दोन्ही बाजूंना डायपोलपेक्षा जोरदार मारते. ३.५ वर ती आखूड पडते, तरी काम भागतं.

लॅडर लाइन घरीही होते. तालुक्याच्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडून १६ गेजची तांब्याची तार घ्या आणि ठिबकच्या जुन्या लॅटरलचे तुकडे स्पेसर म्हणून वापरा. दोन तारांत १२ सेंटिमीटर अंतर ठेवलं की इम्पिडन्स ६०० ओहमच्या जवळ येतो. लॅटरल काळं असल्याने उन्हाला टिकतं. वाइंडिंगची तार मात्र मऊ असते, ताणाखाली लांबते. फीडरला चालेल, वरच्या आडव्या तारेला कडक तांबं किंवा आमची पीव्हीसी आवरणाची मल्टिस्ट्रँड तार लावा. फीडर टिनाच्या छपराला टेकवू नका, वीतभर तरी दूर ठेवा, आणि वाऱ्यात फडफडू नये म्हणून दर मीटरला अर्धा पीळ द्या. एखाद्या बँडवर ट्यूनर जुळतच नसेल तर फीडर दीड-दोन मीटरने वाढवून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

मधून फीडर उतरवणं शक्य नसेल तर एंड-फेड, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेली तार: २० मीटर तार, ४९:१ ट्रान्सफॉर्मर, एक टोक घराशी, दुसरं कडुनिंबावर. ७, १४, २१ आणि २८ हे चारही बँड मिळतात. ट्रान्सफॉर्मर दहा-वीस टक्के पॉवर खातो, आणि केबलवर चोक (केबलच्या बाहेरून परत येणारा करंट अडवणारं वेटोळं) लावला नाही तर माईक हातात चटके देतो. सोय मोठी असल्याने ही आम्ही बिनदिक्कत विकतो, पण जागा असताना घेऊ नका.

उंची ९-१० मीटर पुरे. ७ मेगाहर्ट्झवर तेवढ्या उंचीवरून लहरी बऱ्याचशा सरळ वर जाऊन परततात, त्यामुळे दिवसा नागपूर, अमरावती, हैदराबाद चांगलं लागतं. दोरी फांदीवरून टाकायला ज्वारीत पाखरं हाकायची गोफण उत्तम. दोरी झाडाला करकचून बांधू नका. पुली लावून खाली वीट लटकवा, म्हणजे वादळात झाड हललं तरी तार तुटणार नाही. साधा नायलॉन आपल्या उन्हाळ्यात कुजतो. वानरांवर आमच्याकडे इलाज नाही.

तार ११ केव्ही लाइनच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नका. तुटून पडली तरी लाइनला पोचणार नाही इतकं अंतर हवं. आभाळ भरून आलं की फीडर सेटपासून काढून घराबाहेरच अर्थला जोडा. कुंपणाचं झटका मशीन सेकंदाला एक टिकटिक देतं आणि सौरपंपाचा कंट्रोलर दिवसभर घरघरतो, तेव्हा जागा ठरवण्याआधी बॅटरीवरचा रेडिओ घेऊन वावरात फिरून ऐका. ऐकायला कुणीही ऐकावं, प्रसारणाला मात्र हौशी परवाना लागतोच.

येताना कागदावर झाडं, घर आणि विजेचे खांब यांची अंतरं पावलांत का होईना मांडून आणा. कापलेली तार परत घेतली जात नाही. बॅलन आणि ट्रान्सफॉर्मर बदलून मिळतील.