ढगफुटी वेगळी, लोंढा वेगळा

जून ते सप्टेंबर या दिवसांत हिमाचल, उत्तराखंड, लडाखकडून एक बातमी दरवर्षी येते: अमुक गावात ढगफुटी, घरे वाहून गेली. बातमी देणाऱ्याला त्या घटकेला ठाऊक असते ते इतकेच, की ओढ्यातून पाणी, चिखल आणि दगडधोंड्यांचा लोंढा आला. वर डोंगरात पाऊस किती पडला, मुळात पडला की नाही, हे तेव्हा कोणी मोजलेले नसते. तरीही मथळ्यात ‘ढगफुटी’ येते आणि पुढे तीच सगळ्यांच्या तोंडी बसते. या चुकीची किंमत डोंगरात राहणारी माणसे मोजतात, म्हणून हे दोन शब्द नीट वेगळे करायला हवेत.

ढगफुटी आकाशात होते आणि ती पर्जन्यमापकाने ठरते. भारतीय हवामान विभागाचा निकष असा: साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 100 मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस. लोंढा, म्हणजे अचानक आलेला पूर, जमिनीवर होतो. ज्या कारणाने तो आला त्यानंतर सहा तासांच्या आत, डोंगरात तर बऱ्याचदा मिनिटांत, तो खाली पोचतो. ढगफुटी हे लोंढ्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. ती झाली तरी पाणी रुंद पात्रातून बिनबोभाट वाहून जाऊ शकते. उलट निरभ्र आकाशाखालीही लोंढा येऊ शकतो.

‘ढगफुटी’ या शब्दामुळे पाण्याने भरलेली पिशवी फुटावी तसे काही डोळ्यांसमोर येते. तसे काही फुटत नाही. दुपारी उतार तापतात, दमट हवा डोंगराला अडून वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग उभा राहतो. त्यातला वर जाणारा झोत थेंबांना बराच वेळ खाली पडू देत नाही. झोत ढासळला की साठलेले पाणी एकदम कोसळते. वरच्या थरातले वारे मंद असतील तर ढग पुढे सरकत नाही आणि सगळा पाऊस एकाच खोऱ्यावर ओततो. 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. या हिशेबाने 20 चौरस किलोमीटरवर 100 मिमी म्हणजे 200 कोटी लिटर. त्यातले निम्मे जरी तासाभरात एका घळीतून उतरले, तरी सेकंदाला पावणेतीनशे घनमीटरचा प्रवाह होतो. एरवी उडी मारून ओलांडता येणारा ओढा घरे कशी नेतो, ते या आकड्यातून कळते.

आता पावसावाचून आलेला लोंढा. 7 फेब्रुवारी 2021 रोजी चमोली जिल्ह्यात ऋषीगंगा आणि धौलीगंगेतून जो प्रलय आला, त्या वेळी पाऊस नव्हता. रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटून खाली आले, घर्षणाने बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा झाला. दोनशेहून अधिक माणसे त्यात मृत वा बेपत्ता झाली. सिक्कीममध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर, म्हणजे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचा तलाव, फुटले आणि तीस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. त्याही सकाळी अनेक ठिकाणी आधी ‘ढगफुटी’ असेच छापून आले होते.

केदारनाथचे प्रकरण या दोन्हींच्या मध्ये बसते. केदारनाथच्या वरच्या चोराबारी हिमनदीजवळच्या पर्जन्यमापकावर 15 ते 16 जून 2013 या 24 तासांत 325 मिमी पाऊस नोंदला गेला. प्रचंड पाऊस, पण सरासरी काढली तर ताशी 14 मिमीच्याही आत. त्यात जूनचे वितळते बर्फ मिसळले, उतार सुटले आणि 17 तारखेच्या सकाळी चोराबारी तालाचा (तलावाचा) नैसर्गिक बांध फुटला. एका शब्दात हे सगळे मावत नाही. मावते असे मानले, की पुढच्या वेळी वरच्या तलावाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते, आणि ती जाणकारही करतात. ‘जवळच्या केंद्रावर जेमतेम पाऊस आहे, म्हणजे ढगफुटी नव्हतीच’ हे म्हणणेही घाईचे असते. 5-6 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहमध्ये दोनशेच्या वर माणसे गेली. लेहच्या हवामान केंद्रावर नोंद होती 12.8 मिमी. पाऊस शेजारच्या नाळांच्या माथ्यावर पडला आणि मापक त्याच्या कडेला राहिले. पर्जन्यमापक फक्त स्वतःच्या जागेपुरते खरे सांगते. बहुतेक मापके दरीत, तालुक्याच्या गावी असतात. लोंढे उगम पावतात ते त्यांच्याहून हजार-दोन हजार मीटर वर. रडारलाही मर्यादा आहे. उत्तराखंडात मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाउन इथे ढगांतला पाऊस टिपणारी डॉप्लर रडार आहेत, पण मध्ये डोंगर आला की किरण अडतो आणि पलीकडच्या दरीतला ढग अर्धवट दिसतो.

म्हणून बातमी वाचताना पहिली चौकशी आकड्याची करावी. ‘120 मिमी पाऊस’ हे किती वेळात? हवामान विभागाचा रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठचा असतो. त्या 24 तासांत 115.6 ते 204.4 मिमी म्हणजे ‘अति मुसळधार’च्या घरातला पाऊस, पण तासाचा हिशेब कळल्याशिवाय ती ढगफुटी ठरत नाही. 8 जुलै 2022 ला अमरनाथ गुहेजवळ लोंढा आला, तेव्हा तिथल्या स्वयंचलित केंद्रावर दुपारी साडेचार ते साडेसहा या दोन तासांत 31 मिमी पाऊस होता. मृत्यू झाले ते खरे. ढगफुटीच्या निकषाच्या मात्र तो जवळपासही नव्हता. उघड्या खडकाचा तीव्र उतार आणि अरुंद नाळ असेल तर 30 मिमीही पुरते, आणि डोंगरात तळ ठोकणाऱ्याने ध्यानात धरायची गोष्ट हीच आहे. दुसरी चौकशी: सांगतो कोण? ‘स्थानिकांच्या म्हणण्यानुसार ढगफुटी’ याचा अर्थ गडगडाट ऐकू आला एवढाच असू शकतो. पात्रातून गडगडणारे दगडही तसाच आवाज करतात.

घरी किंवा तळावर पाऊस मोजायचा तर सरळ उभ्या भिंतींचे, सपाट बुडाचे भांडे घ्यावे. तोंडाचा व्यास कितीही चालतो. आत पट्टी उभी धरून वाचलेली खोली म्हणजेच मिमी. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे आकडा फुगतो. झाड किंवा छप्पर जितके उंच, त्याच्या दुपटीइतके तरी अंतर त्यापासून सोडावे. पंधरा मिनिटांत 25 मिमी भरले तर त्या घटकेचा वेग ताशी 100 मिमी आहे. अजून त्याला ढगफुटी म्हणता येणार नाही, पण ओढ्याकाठून उठायला हे कारण पुरेसे आहे.

इशाऱ्यांच्या बाबतीत तर दोहोंत फारच फरक आहे. ढगफुटी नेमक्या कोणत्या गावावर होईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. जिल्ह्यासाठी पिवळा, नारंगी किंवा लाल इशारा मिळतो, आणि पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज. दरड कोसळून नदी अडली असेल किंवा हिमसरोवर फुगत असेल, तर मात्र दिवस, कधी महिने हातात असतात. 1893 मध्ये गढवालात बिरही नदी दरडीने अडून गोहना ताल तयार झाला. त्यावर पहारा बसवला, खालच्या गावांपर्यंत तारयंत्राची ओळ टाकली. ऑगस्ट 1894 मध्ये बांध फुटला आणि अलकनंदेला भीषण पूर आला, पण काठ आधीच रिकामे केलेले असल्याने माणसे गेली ती अवघी पाच. सतलजच्या खोऱ्यातही तेच झाले: तिबेटात पारेचू नदीवर 2004 मध्ये दरडीने तलाव बनला, उपग्रहातून त्यावर नजर ठेवली गेली आणि जून 2005 मध्ये तो फुटण्याआधी हिमाचलातले काठ रिकामे करता आले. प्रत्येक लोंढ्याला ढगफुटी म्हटले की ‘आभाळच फाटले, काय करणार’ असे होते, आणि जिथे पहारा शक्य होता तिथेही तो बसवला जात नाही.

डोंगरात असताना कारण शोधत बसायचे नसते, खुणा बघायच्या. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात ताज्या हिरव्या फांद्या आल्या, ओल्या मातीचा वास सुटला, घरघर वाढत गेली, तर वर काहीतरी सुटले आहे. सगळ्यांत फसवी खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. लोक निर्धास्त होतात, पण वर दरडीने पात्र अडल्याची ती खूण असते आणि तो बांध केव्हाही फुटेल. हिमनदीच्या ओढ्यांना दुपारनंतर पाणी चढते ते वेगळे. ते रोजचे बर्फ वितळण्याचे पाणी, सावकाश वाढते आणि पहाटे उतरते. असे ओढे सकाळी लवकर ओलांडावेत.

लोंढ्यापासून पळताना ओढ्याच्या दिशेने खाली धावू नये, तो गाठतोच. प्रवाहाला काटकोनात, बाजूच्या उतारावर चढावे. गाडी सोडून द्यावी: घोट्याच्या वर, 15 सेंमी वेगवान पाण्यात माणूस कोलमडतो, 30 सेंमीत छोटी गाडी तरंगते, 60 सेंमीत बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावर उभे राहून चित्रण करू नये, कारण अडकलेली झाडे आणि दगड आधी पुलालाच रेटतात. ओढा दरीत उतरतो तिथला गाळाचा पसरट पंखा तंबूला आणि हॉटेलला मोहक वाटतो, पण तो जुन्या लोंढ्यांनीच आणून टाकलेला असतो. पहिली लाट ओसरली म्हणून सामान काढायला लगेच खाली जाऊ नये. केदारनाथला पहिला लोंढा 16 जूनच्या संध्याकाळी आला आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी.