कलाभवनातली ‘कला’ कोणती? (पार्श्वभूमी)

शाळेत चित्र, गाणं, नाट्य यांना गुणपत्रिकेत जागा द्यायची चर्चा निघाली, की बडोद्यात कोणीतरी इथल्या कलाभवन या जुन्या शिक्षणसंस्थेचं नाव काढतंच. ‘1890 मध्येच आपल्याकडे कला शिकवत होते,’ हे वाक्य ठरलेलं. साल बरोबर आहे. घोटाळा ‘कला’ या शब्दात आहे.

कलाभवनात चित्रकला होती, पण तिच्या शेजारी कापड रंगवणं, विणकाम, सुतारकाम आणि यंत्रकामही होतं. चौसष्ट कलांतली ती कला, म्हणजे हुन्नर. म्हणून तर त्या संस्थेचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाकडे आहे. ललितकलेची शाखा 1950 मध्ये वेगळी निघाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके कलाभवनातच शिकले, आणि मला तो योगायोग वाटत नाही. त्यांच्या कामाला छायाचित्रण, यंत्र आणि चित्र अशी तिन्ही अंगं लागणार होती. हुन्नर आणि ललितकला या दोन अर्थांत तिसरा मिसळला तो ‘आर्ट्सला जाणं’, म्हणजे दहावीला गुण कमी पडणं! शाळेच्या परिपत्रकात ‘कला’ दिसली की निम्मे पालक हेच वाचतात.

संगीताचं तसं नाही. बडोद्याच्या 1886 च्या गायनशाळेने उस्तादांच्या घरची विद्या वर्गात आणली, स्वरलिपीची पुस्तकं आणली. अखिल भारतीय संगीत परिषदही 1916 मध्ये पहिल्यांदा भरली ती इथेच. प्रमाणपत्रांची शिडी मात्र शाळेबाहेर उभी राहिली. 1931 मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद’ या परीक्षा मराठी घरांतली मुलं अजूनही देतात. संध्याकाळी क्लास, सकाळी शाळा. त्यांतली मध्यमा परीक्षा झालेल्या मुलीच्या शाळेला त्याचा पत्ताही नसतो.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असं म्हटलं. 2019 मध्ये केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) आठवड्याला किमान दोन तासिका राखायला सांगितल्या, आणि त्याच दमात इतर विषयही कलेच्या आधाराने शिकवायला सांगितले. वाद इथेच आहे. भूमितीला रांगोळी आणि इतिहासाला पोवाडा लावला की कला शिकवली असं धरायचं का? रांगोळीने भूमिती सोपी होते हे खरं, पण रेषेवर हात बसायला वेगळी तालीम लागते. प्रकल्पाची फाइल पूर्ण झाली म्हणून तासिका सोडून देणाऱ्या शाळांना हा गोंधळ सोयीचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांतल्या भिंती नकोत असं सांगितलं. 2023 च्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याने कलेला स्वतंत्र विषय म्हणून जागा दिली.

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण मिळतात. तोच नमुना इकडे हवा, असं म्हणणारे पालक बरेच आहेत. त्या गुणांसाठी आठवडाभर रात्री जागून स्थिरचित्र घोटणारी भाचरं मुंबई-पुण्यात ज्यांनी पाहिली आहेत, ते मात्र जरा थांबून बोलतात.