फाइन

फाइन : इंग्रजीतील एक बहुअर्थी विशेषण. उत्तम, बारीक, तलम, शुद्ध, निरभ्र (हवा) आणि ठीक (प्रकृती) हे त्याचे मुख्य अर्थ. मराठीत ते 'छान' या अर्थी विशेषण म्हणून आणि 'दंड' या अर्थी नाम म्हणून, असे दुहेरी रुळले आहे. 'पुस्तक फाइन होतं, पण परत करायला उशीर झाला आणि फाइन भरावा लागला' या वाक्यात दोन्ही एकाच दमात येतात, तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

व्युत्पत्ती : मूळ लॅटिन 'फिनिस' (शेवट, सीमा) हे सर्वमान्य आहे. जुन्या फ्रेंचमधील 'फिन' या विशेषणावरून हा शब्द साधारणतः १३ व्या शतकात इंग्रजीत आला असावा. वाद आहे तो 'शेवट' या नामाचे 'उत्तम' हे विशेषण कसे झाले याविषयी. एका मतानुसार लॅटिन 'फिनितुस' (पूर्ण केलेले) या कृदंताचे आखूड रूप म्हणजे उत्तरकालीन 'फिनुस'. काम तडीस नेले की वस्तू सुबक होते, असा हा अर्थविकास. अर्थाच्या अंगाने हे मत सोयीचे असले, तरी मधला 'इत्' का गळाला याचा उलगडा त्यातून नीट होत नाही. दुसऱ्या मतानुसार 'फिनिस' हे नामच 'परमावधी' या अर्थाने विशेषणासारखे वापरले जाऊ लागले. रोमन लेखक सिसेरोच्या लेखनात ते चांगल्याची परिसीमा या अर्थाने येतेच. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी वाचकाला ते परके वाटू नये, कारण 'अत्यंत' या आपल्या रोजच्या शब्दातही 'अंत'च आहे, आणि 'पराकाष्ठा' म्हणजे मुळात शेवटची सीमा. इटालियन व स्पॅनिश 'फिनो' आणि जर्मन 'फाइन' ही याच कुळातील रूपे होत.

दंडवाचक 'फाइन' कोशांत स्वतंत्र शब्द म्हणून देतात, पण घराणे तेच. मध्ययुगीन व्यवहारात तंटा मिटवण्यासाठी, म्हणजे त्याचा शेवट करण्यासाठी, दिलेली रक्कम ती फाइन. शिक्षेचा अर्थ तिला पुढे चिकटला. 'फायनान्स' या शब्दाच्या मुळाशीही देणे चुकते करून मोकळे होणे हीच कल्पना आहे.

'बारीक' हा अर्थ बहुधा 'शुद्ध' या अर्थातून निघाला. चाळून, गाळून निवळ केलेली वस्तू बारीक होतेच. वैद्याची वस्त्रगाळ पूड हे याचे घरगुती उदाहरण. सराफीत 'फाइन' म्हणजे भेसळ वगळून उरणारा भाग. २२ कॅरेटच्या दागिन्यावरील ९१६ हा आकडा दर हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने असल्याचे सांगतो. क्रिकेटमधील 'फाइन लेग'मध्ये बारीकपणा कोनाचा असतो : क्षेत्ररक्षक यष्ट्यांच्या मागे, खेळपट्टीच्या रेषेला जवळ उभा असतो.

बडोद्यातील वापर : बडोद्यात 'फाइन आर्ट्स' हे जवळजवळ स्थळनाम आहे. 'मुलगी फाइन आर्ट्सला आहे' म्हटले की महाराजा सयाजीराव विद्यापीठाची १९५० मध्ये सुरू झालेली कलाशाखा समजायची. मूळचे इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांनी येथे चित्रकला विभाग उभा केला. त्याआधी, १८९० मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत निघालेल्या कलाभवनात भर होता तो उपयोजित कलांवर आणि कारागिरीवर. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. या दोन संस्थांच्या नावांत 'कला' एकच असली, तरी रोख निराळा आहे. 'फाइन आर्ट्स'मधील विशेषण फ्रेंच 'बोझार'च्या धर्तीवरचे, म्हणजे बारीक नव्हे तर सुंदर या अर्थाचे. म्हणून 'ललित कला' हा मराठी पर्याय नेमका बसतो. 'सूक्ष्म कला' म्हणणे चूक ठरेल.

बोलण्यात मात्र बडोद्याच्या मराठी घरांत 'फाइन'च्या जागी बरेचदा 'सरस' ऐकू येतो. गुजरातीत 'सरस' म्हणजे छान, चांगला. प्रमाण मराठीत तो तुलनेचा शब्द आहे. 'श्रीखंड सरस झालंय हो मावशी' असे दांडिया बाजारातल्या पंगतीत कोणी म्हटले, की पुण्याहून आलेला पाहुणा 'कोणापेक्षा?' असे विचारतो.