‘संधी’: व्याकरणातला आणि नाटकातला

‘संधी’ हा शब्द मराठी वाचकाला प्रथम भेटतो तो शालेय व्याकरणात, आणि संस्कृत नाटकाची चर्चा वाचताना तोच शब्द ‘मुखसंधी’, ‘गर्भसंधी’ अशा रूपांत पुन्हा समोर येतो. दोन्ही ठिकाणी अर्थ ‘सांधा’ एवढाच धरला, तर नाट्यशास्त्रातील विवेचन वाचताना घोटाळा होतो. कारण दोन्ही शास्त्रांनी एकच शब्द घेतला असला, तरी त्याला वेगवेगळ्या दिशांनी वळवले आहे.

‘सम्’ या उपसर्गासह ‘धा’ धातूपासून हा शब्द बनतो आणि ‘एकत्र ठेवणे, जोडणे’ हा त्याचा मूळ भाव आहे. संस्कृतात तो पुल्लिंगी आहे. (‘अनुकूल वेळ’ या अर्थाने आपण रोज वापरतो ती स्त्रीलिंगी ‘संधी’ येथे अभिप्रेत नाही.) पाणिनी मात्र वर्णांच्या मीलनासाठी ही संज्ञा वापरत नाही. त्याची संज्ञा ‘संहिता’ अशी असून ‘परः सन्निकर्षः संहिता’ (१.४.१०९), म्हणजे वर्णांची अत्यंत निकटता, अशी तिची व्याख्या तो देतो आणि ‘इको यणचि’, ‘अकः सवर्णे दीर्घः’ यांसारखी सूत्रे त्या अधिकाराखाली, म्हणजे त्या संज्ञेच्या कक्षेत, सांगतो. वेदपठणाचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यांत प्रश्लिष्ट, क्षैप्र, अभिनिहित अशी संधींची नावे आढळतात. आज रूढ असलेली स्वर, व्यंजन आणि विसर्ग ही विभागणी पाणिनीची सूत्रे विषयवार लावणाऱ्या नंतरच्या प्रक्रियाग्रंथांतील मांडणीतून आपल्याकडे आली. मराठी व्याकरणकारांनी ती तत्सम शब्दांसाठी स्वीकारली आणि ‘नाही + असा = नाहीसा’ यासारख्या रूपांसाठी पूर्वरूप (पहिला स्वर टिकतो) आणि पररूप (दुसरा स्वर टिकतो) असे मराठीचे विशेष संधीही नोंदवले. या सगळ्या परंपरेत संधी म्हणजे दोन वर्ण भेटतात ती सीमा आणि तिथे घडणारा बदल.

नाट्यशास्त्रात संधी ही अशी रेषेसारखी सीमा नाही; तो कथानकाचा एक पल्ला आहे. ‘नाट्यशास्त्र’कार भरताने मुख (आरंभ), प्रतिमुख, गर्भ, विमर्श (विघ्नाचा टप्पा) आणि निर्वहण (शेवट) असे पाच संधी सांगितले. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यातील मुंज राजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त त्यांची रेखीव मांडणी केली. त्याच्या मते बीज, बिंदू, पताका (लांब चालणारे उपकथानक), प्रकरी (छोटे उपकथानक) व कार्य या पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथानकाचे घटक, आणि आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती व फलागम या नायकाच्या कार्याच्या पाच अवस्था यांच्या क्रमशः संयोगातून पाच संधी निर्माण होतात. ही जुळवणी दिसायला सुबक असली, तरी ती पुरती टिकत नाही, कारण गर्भसंधीत पताका असेलच असे नाही, ही सवलत धनंजयालाच द्यावी लागते.

संधीची हद्द आणि अंकाची हद्द एकच नसते, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. काव्यशास्त्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ‘शाकुंतला’तील विमर्शसंधी चौथ्या अंकाच्या आरंभापासून थेट सातव्या अंकात शकुंतलेची ओळख पटण्याच्या आधीपर्यंत धरला आहे, शापामुळे आलेल्या विस्मरणाचे विघ्न जेथवर व्यापून राहते, तेथवर तो संधी पसरतो. शिवाय प्रत्येक रूपकप्रकाराला, म्हणजे नाट्यप्रकाराला, पाचही संधी लागत नाहीत. नाटक आणि प्रकरण (कल्पित कथेवरचे रूपक) यांत ते सर्व येतात, तर भाण (एकपात्री रूपक) आणि प्रहसन यांना मुख आणि निर्वहण हे दोनच पुरतात, आणि छोट्या एकसुरी कथानकाचा विचार करता ते योग्यच वाटते.

या पाच संधींची मिळून चौसष्ट अंगे, म्हणजे छोटे घटक, शास्त्रकारांनी मोजली आणि अडचण नेमकी तेथून सुरू झाली. इष्ट अर्थाची रचना, गोप्य गोष्टीचे गोपन, प्रयोगातील आश्चर्य अशी या अंगांची प्रयोजने सांगितलेली असतानाही, यादी पुरी करण्याकडे नाटककारांचा कल झुकू लागला. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यावर स्पष्ट टीका केली. संधी आणि संध्यंगे रसाला अनुसरून योजावीत, केवळ शास्त्राची आज्ञा पाळायची म्हणून नव्हे, असे सांगताना त्याने महाभारतकथेवरील ‘वेणीसंहार’ नाटकाच्या दुसऱ्या अंकाचे उदाहरण दिले. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन आणि त्याची पत्नी भानुमती यांचा शृंगारप्रसंग तिथे येतो, तो प्रतिमुखसंधीच्या ‘विलास’ नावाच्या अंगाची जागा भरण्यासाठी. चालू रसाशी त्याचा मेळ बसत नाही, असे आनंदवर्धनाचे म्हणणे आहे.